बर्फ कोठे साचतो ते आधी पाहा
जुना डीप फ्रीझर घेताना आणि वापरताना

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीताफळ झाडावरून उतरवले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते. बाजारात एकाच वेळी माल आला की भाव कोसळतो आणि पिकलेले फळ परत घरी आणता येत नाही. म्हणून अलीकडे अनेक बचत गट व काही शेतकरी सीताफळाचा गर काढून ठेवू लागले आहेत. हा गर आंब्याच्या रसासारखा तापवून डब्यात भरता येत नाही. तापवला की कडवटपणा येतो आणि हवेत उघडा राहिला की तपकिरी पडतो. त्यामुळे तो लवकरात लवकर गोठवून उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. त्यासाठी डीप फ्रीझर लागतो. नवा परवडत नाही म्हणून आइस्क्रीमच्या बंद पडलेल्या दुकानातला किंवा हॉटेलातला जुना घेतला जातो. महिना-दीड महिना बरा चालतो आणि मग तक्रार सुरू होते, "सर, आत नुसता बर्फाचा डोंगर होतो, पण गर मात्र दगडासारखा होत नाही."

मी कृषिविद्येचा व्याख्याता, फ्रीझरवर काय बोलणार, असे कोणाला वाटेल. पण पिकाचे दुखणे ओळखण्याची जी रीत आपण वापरतो, तीच येथे कामी येते. पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची कमतरता आणि शेंड्याची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर लोहाची, असे पाहतो. पिवळेपणा तोच, जागा वेगळी, म्हणून उपायही वेगळा. फ्रीझरच्या बर्फाचेही असेच आहे. बर्फ कोठे साचला, किती दिवसांत साचला आणि कोठे साचला नाही, एवढे नीट पाहिले तर निम्मे निदान घरच्या घरी होते. पण आपल्याकडे बर्फ दिसला की पहिले वाक्य ठरलेले, "गॅस भरून घ्या."

हा बर्फ येतो कोठून?

फ्रीझर बर्फ तयार करीत नाही, तो हवेतील ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात ३० अंश तापमानाची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवते. तीच हवा उणे १८ अंशाला आली की तिला जेमतेम १ ग्रॅम धरता येते. उरलेले पाणी समोर जी थंड भिंत असेल तिच्यावर बर्फ होऊन बसते. पहाटे गवतावर दव पडते, तोच प्रकार. सीताफळाचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतो, म्हणजे हवा दमट असतानाच आपण झाकण सर्वांत जास्त वेळा उघडतो.

तेव्हा थोडा बर्फ सर्व भिंतींवर सारख्या जाडीने येणे हा दोष नव्हे. वर झाकण उघडणाऱ्या साध्या पेटीत तो येणारच. पाच-सहा मिलिमीटर जाडी झाली की काढावा, एवढेच. त्यापेक्षा जास्त झाला तर तो थंडीच्या आड येतो. कॉइल थंड असते, गर भरलेला असतो आणि मध्ये बर्फाची गोधडी. मोटर अखंड चालते, बिल वाढते आणि मालाला मात्र थंडी पोहोचत नाही. आत बर्फ भरपूर आणि गर मऊ, या कोड्याचे उत्तर हे आहे.

बर्फाची जागा आणि दोष

या भागातील एका बचत गटाच्या पेटीचे उदाहरण घेऊ. पेटी वरून उघडणारी होती. गटाने दोन वेळा गॅस भरून घेतला होता, तरी बर्फ पुन्हा तसाच. झाकण उघडून पाहिले तर तीन बाजूंना बर्फ बेताचा आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात काठालगत हाताच्या तळव्याएवढा जाड. कोपऱ्यात बर्फ म्हणजे तेथून हवा आत शिरते आहे. वहीच्या कागदाची पट्टी झाकणाच्या रबरात धरून झाकण लावले आणि ओढून पाहिली. सगळीकडे ती अडकत होती, त्या कोपऱ्यात मात्र सहज सरकली. तेथील रबर कडक झाले होते आणि त्या बाजूची बिजागरी ढिली होती. गॅस कमी असल्याचे एकही चिन्ह नव्हते. बिजागरी आवळून रबर बदलले आणि त्रास थांबला. दोन वेळच्या गॅसचे पैसे मात्र गेलेच.

ही कागदाची चाचणी प्रत्येकाने करावी. चारही बाजूंनी, वीतभर अंतर सोडून पट्टी ओढून पाहावी. रात्री पेटलेली बॅटरी आत ठेवून झाकण लावले आणि खोलीत अंधार केला तर फटीतून उजेड दिसतो, तीही सोपी परीक्षा आहे. रबर फाटलेले नसून नुसते दबलेले असेल तर बदलण्याची घाई करू नये. साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून हाताने आकार द्यावा आणि व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. रबराच्या खाचेत चिकटलेला वाळका गर हेही फटीचे कारण असते.

पेटीच्या तळाशी बर्फाची लादी होत असेल तर पाणी बाहेर जाण्याचे भोक पाहावे. त्यात प्लॅस्टिकचा तुकडा किंवा गर अडकलेला असतो. कोमट पाणी ओतून ते मोकळे करावे. मात्र पेटी चालू असताना त्या भोकाचे बूच लावलेलेच हवे, नाहीतर तेथूनही दमट हवा आत येते.

उभा, कपाटासारखा फ्रीझर असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कॉइल मागच्या पत्र्याआड असते, पंखा थंड हवा फिरवतो आणि दिवसातून काही वेळा हीटर आपोआप लागून बर्फ वितळवतो. हीटर, त्याचा टायमर किंवा त्याला बंद-चालू करणारा छोटा थर्मोस्टॅट यांपैकी एक जरी बिघडला तरी पत्र्याआड बर्फाची भिंत होते, पंख्याची पाती त्याला घासून आवाज करतात आणि नंतर हवाच फिरत नाही. याची खूण पक्की आहे. पूर्ण बर्फ वितळवल्यावर फ्रीझर उत्तम चालतो आणि आठवडाभरात पुन्हा तेच होते. अशा वेळी मेकॅनिकला "गॅस बघा" म्हणू नका, "हीटर आणि टायमर तपासा" म्हणा. उभ्या फ्रीझरबाबत आणखी एक गोष्ट. थंड हवा जड असते, दार उघडले की ती पाटाच्या पाण्यासारखी पायावर सांडते आणि तेवढीच दमट हवा आत जाते. पेटीत ती आडातल्या पाण्यासारखी आतच राहते. गर साठवायचा तर माझे मत पेटीच्या बाजूने आहे.

आता गॅसकडे येऊ. गॅस खरोखर कमी असेल तर बर्फ जास्त दिसत नाही, तो अर्धवट दिसतो. कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवर बर्फ आणि बाकीचे वेढे कोरडे, मोटर अखंड चालू, ही गॅस कमी झाल्याची खूण. उलट बाहेर कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीवर बर्फ चढत असेल तर बहुधा कोणीतरी गॅस जास्त भरला आहे. आणि फ्रीझर काही तास चालून थंडी सोडतो, बंद ठेवला की पुन्हा काही तास चालतो, असा लपंडाव असेल तर नळीच्या आत ओलावा गेला आहे. तो बारीक कॅपिलरीत गोठून वाट अडवतो. तेथे फिल्टर ड्रायर बदलून, पंपाने निर्वात करून, मगच गॅस वजनावर भरावा लागतो. गॅस बंद नळीत असतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुढच्या हंगामात पुन्हा येणार.

बर्फ काढताना

खुरपे, विळा, स्क्रू-ड्रायव्हर यांना फ्रीझरजवळ येऊ देऊ नका. काही पेट्यांत थंड नळ्या आतल्या पत्र्याला लागूनच असतात. एक टोचा बसला की गॅस निघून जातो, आणि फोममध्ये गाडलेली नळी दुरुस्त होत नाही. आज वापरात असलेल्या बऱ्याच फ्रीझरमध्ये आर-२९० किंवा आर-६००ए हे वायू असतात आणि ते ज्वालाग्राही आहेत. पाटीवर ही नावे असतील तर स्टोव्ह, चिमणी किंवा ज्योत जवळ नेऊन बर्फ वितळवणे म्हणजे अपघाताला बोलावणे होय.

आधी माल थर्मोकोलच्या खोक्यांत दाटीने भरून वर गोणपाट टाकावे. प्लग काढावा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. झाकण उघडे ठेवून आत गरम पाण्याची दोन पातेली ठेवावीत आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाणी बदलावे. बर्फ सुटला की लाकडी उलथन्याने हलकेच उचलावा. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून फडक्याने पूर्ण कोरडे करावे, कारण आत राहिलेले पाणी पुन्हा बर्फच होणार. रिकामी पेटी चालू करून थर्मामीटर उणे १८ दाखवीपर्यंत माल परत भरू नये. हे काम सकाळी लवकर, वीज राहणार आहे अशा दिवशी करावे. पायात रबरी चप्पल असावी आणि भिंतीतील सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

गर भरताना

यंत्र निर्दोष असूनही बर्फ होतो, त्याचे कारण भरणाऱ्याच्या हातात असते. कोमट गर, उघडे पातेले, ओली पिशवी यांतून निघणारी वाफ भिंतीवर जाते. एक किलो गर ३० अंशांवरून उणे १८ पर्यंत नेण्यासाठी सुमारे ९० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ३००-४०० लिटरच्या पेटीचा कॉम्प्रेसर तासाला साधारण दोन-अडीचशे किलोकॅलरी काढतो, त्यातलीही काही भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेत जाते. म्हणजे एका वेळी ५० किलो गर ढकलला तर तो पूर्ण गोठायला दिवसभरापेक्षा जास्त लागणार, आणि तोवर मधला गर काळा पडणार. ही पेटी गोठलेला माल टिकवण्यासाठी असते, एका दमात गोठवण्यासाठी नव्हे. म्हणून रोज १०-१५ किलोच भरावा. एक किलोच्या चपट्या पिशव्या कराव्यात, हवा काढून तोंड बंद करावे, थंड पाण्यात गार करून, बाहेरून पुसून मग ठेवाव्यात. त्या दिवशी पिशव्या एकावर एक न रचता भिंतीलगत उभ्या लावाव्यात. गर काढण्याच्या पद्धतीबद्दल जालन्याजवळ खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करता येईल.

पेटी पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारच्या उन्हात ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. काही पेट्यांच्या बाहेरच्या बाजू गरम लागतात. आतली उष्णता तेथूनच बाहेर पडते, त्यामुळे तो दोष नाही. या गरम बाजूंना गोधडी गुंडाळलेली मी पाहिली आहे. असे कदापि करू नये. जाळीचा कंडेन्सर असेल तर त्यात कापसाचे तंतू व भुसा अडकतो, तो महिन्यातून एकदा ब्रशने काढावा.

विकत घेताना

पहिली फसगत काचेच्या दाराच्या कपाटाची. थंड पेयांचे ते कपाट पाण्याच्या गोठणबिंदूच्या वरच चालते, त्यात गर गोठत नाही. पाटी वाचावी. पाटीवर आर-१२ असेल तर यंत्र फारच जुने आहे, कारण शीतयंत्रांसाठी त्या वायूचे उत्पादन भारतात २००८ मध्ये थांबले. असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. विक्रेत्याकडे आपला थर्मामीटर घेऊन जावे, पेटी रात्रभर रिकामी चालवायला सांगावी आणि सकाळी आकडा पाहावा. आत हात घालून "गार आहे" म्हणणे ही परीक्षा नव्हे, शून्य अंशही हाताला गारच लागते. रबर, बिजागरी, हीटर, टायमर हे दोष असतील तर किंमत पाडून घ्यावी, कारण ते दुरुस्त होतात. कॉम्प्रेसर चालू होताना टक्-टक् करून बंद पडत असेल तर आधी विजेचा दाब मोजावा, तो ठीक असेल तर पेटी सोडून द्यावी. फोमच्या आतली गळती असेल तर ती भंगाराच्या भावातच घ्यावी, म्हणजे घेऊच नये.

आपल्या गावी वीज जाते-येते. स्टॅबिलायझर असा घ्यावा की वीज आल्यावर तीन मिनिटे थांबून मग कॉम्प्रेसर चालू करील. वीज गेल्यावर झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा, भरलेली पेटी बंद राहिली तर बराच काळ थंडी धरते. आपण नसताना किती वेळ वीज गेली होती हे कळण्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी मालाच्या वरच्या थरात ठेवावी. नाणे वरच असेल तर चिंता नाही. नाणे तळाशी गेले असेल तर मधल्या काळात सर्व वितळून पुन्हा गोठले आहे. तो गर कितीही घट्ट दिसला तरी विकू नये. वितळताना वेळेवर लक्षात आले आणि पिशवीत अजून बर्फाचे कण हाताला लागत असतील, तर तो गर त्याच दिवशी रबडीला किंवा आइस्क्रीमला वापरून टाकावा.