वाचनाच्या मेजावरील दिवा

दिवा घेताना आपण वॅट विचारतो. परंतु वॅट हे विजेच्या खपाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात. ६० वॅटच्या तारेच्या बल्बाइतका प्रकाश ७ ते ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून असे दिवे घरोघरी पोहोचले. त्यांची जागा मात्र बहुधा छताच्या मध्यावरच राहिली. त्यामुळे अभ्यासिकेत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या विद्यार्थ्याच्या पानावर त्याच्याच डोक्याची सावली पडते, आणि डोळे लवकर शिणतात. शिवाय उघड्या बल्बापासूनचे अंतर दुप्पट झाले की पानावर चौथा हिस्साच प्रकाश उरतो.

खोली उजळावयास छताचा दिवा पुरे. झुंबर शोभेचे, त्याच्याकडून वाचनाची अपेक्षा कोणी करू नये! वाचनाच्या मेजावर मात्र खाली सोडलेला टांगता दिवा हवा. त्याची टोपी अपारदर्शक, आतून पांढरी आणि बसलेल्यास बल्ब दिसणार नाही इतकी खोल असावी. मेजावरचाच दिवा घेतल्यास उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा. टोपी पत्र्याची असेल, तर तिला अर्थिंगची तार जोडून घेतल्यावाचून दिवा लावू नये.