नाव आपले, किल्लीही आपल्याच हाती



आज नियतकालिक चालवायचे तर कागद, छपाई आणि टपाल यांच्या जोडीला संकेतस्थळाचे नावही सांभाळावे लागते. वाचक त्या नावाने येतो, वर्गणीदाराचे पत्र त्याच नावाच्या ईमेलवर येते, जुने अंक त्याच पत्त्यावर सापडतात. हे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. डॉट कॉमसारखे नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी रजिस्ट्रारमार्फत, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपनीमार्फत, नोंदवता येते. रजिस्ट्रारची सेवा पटली नाही किंवा दर परवडेनासे झाले, तर ती नोंद दुसऱ्याकडे नेण्याचा आपल्याला हक्क आहे. या हक्काच्या वाटेत जे अडथळे उभे केले जातात, त्यांचे समर्थन बहुधा सुरक्षिततेच्या नावाने होते. माझे म्हणणे असे की, स्थलांतर अवघड केल्याने नाव सुरक्षित राहत नाही. धारकाला बदलाची खबर वेळेत मिळाली आणि चुकीचा बदल तातडीने रद्द झाला, तरच ते सुरक्षित राहते.

१९९९ पूर्वी डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच अमेरिकन कंपनीकडे होती. रजिस्ट्रार बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही १९९५ मध्ये गॅरी क्रेमेन यांच्या नावावरचे एक अतिशय मोलाचे डोमेन केवळ एका बनावट पत्राच्या जोरावर दुसऱ्याच्या नावे झाले. ते परत मिळवायला त्यांना वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले. डोमेन ही मालमत्ता ठरू शकते, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००३ मध्ये दिला, तो याच प्रकरणात. म्हणजे बाहेर पडायला दारच नव्हते, तेव्हाही चोरी होत होती. कागदपत्र न तपासता नोंद बदलणे, हे तिचे कारण होते.

यावर पहिला आक्षेप पॅनिक्सच्या प्रकरणाचा घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. आयकॅन या जागतिक संस्थेचे स्थलांतराचे नवे धोरण नोव्हेंबर २००४ मध्ये लागू झाले. जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत उत्तर दिले नाही, तर मूक संमती धरावी, असे त्यात ठरले. दोनच महिन्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या जुन्या इंटरनेट सेवेचे डोमेन मालकाला पत्ता न लागता ऑस्ट्रेलियातील रजिस्ट्रारकडे गेले. ग्राहकांचे ईमेलही भलतीकडे वळले. मग नियम सैल केल्याचे हे फळ नव्हे काय? घटनाक्रम नीट पाहिला तर तसे म्हणता येत नाही. मालकाची संमती ज्याने तपासायची, त्याने ती तपासली नाही. आणि शनिवार-रविवार असल्याने तातडीने दाद घेणारे कोणी जागेवर नव्हते. २०१२ पासून अशा प्रसंगासाठी प्रत्येक रजिस्ट्रारला आणीबाणीचा संपर्क ठेवून चार तासांत प्रतिसाद देणे बंधनकारक झाले. रोगावरचा खरा उपाय हा होता.

आता अडथळ्यांकडे वळू. स्थलांतरासाठी लागणारा गुप्त कोड मागितल्यावर तो पाच दिवसांत देणे आणि पैशांच्या वादापोटी तो अडवून न धरणे, हे रजिस्ट्रारवर बंधन आहे. पण डिसेंबर २०१६ पासून धारकाचे नाव, संस्थेचे नाव किंवा ईमेल बदलला की डोमेनला ६० दिवसांचे कुलूप लागू शकते. त्यातून आधीच सूट मागण्याची सोय द्यायची की नाही, हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर आहे. आपल्याकडे संस्थेचे डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे नोंदलेले असणे नवलाचे नाही. कार्यकारिणी ती चूक सुधारायला निघते, आणि नेमके त्याच क्षणी कुलूप लागते. मधल्या काळात मुदत संपली, तर नको असलेल्या रजिस्ट्रारकडेच नूतनीकरणाचे पैसे भरावे लागतात.

साठ दिवस थांबल्याने चोर पकडायला वेळ मिळतो, हा दुसरा आक्षेप. मुदत हवीच, पण किती? आपला मोबाइल क्रमांक बँकेच्या खात्याची किल्ली असतो. तरीही जुलै २०२४ पासून भारतात सिम बदलल्यानंतर क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्यावरची बंदी सातच दिवसांची आहे. जमिनीच्या फेरफारातही हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग नोंद प्रमाणित होते. व्यवहार न अडवता सावध करण्याची ही रीत आहे. डोमेनच्या जगात उणीव आहे ती पुढच्या पायरीवर. चुकीच्या स्थलांतराविरुद्ध आयकॅनच्या वादनिवारण प्रक्रियेत तक्रार फक्त रजिस्ट्रार करू शकतो. ज्याचे नाव गेले, तो धारक स्वतः ती करू शकत नाही. कुलपाचे दिवस कमी करावेत आणि धारकाला थेट दाद मागू द्यावी, अशी माझी मागणी आहे.

धारकच बेफिकीर असतात, हा तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. त्याचे उत्तर आपल्या हातात आहे. सातबाऱ्यावर नाव कोणाचे हे आपण पाहतो, तसे डोमेन कोणाच्या नावे आहे हेही पाहावे. नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये, कारण डोमेन गेले की सूचना येण्याचा मार्गही जातो. मुदतीची तारीख आणि खात्याचा ताबा कोणाकडे, हे कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवावे. डॉट इन आणि डॉट भारत ही नावे निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत आहेत, आणि डॉट भारतखाली देवनागरीत मराठी नाव घेता येते. म्हणून तत्काळ सूचना, अल्प मुदतीचे कुलूप आणि धारकाला थेट दाद, या तीन मागण्यांचा ठराव या संमेलनाने करून निक्सीकडे पाठवावा, असे मी सुचवतो. मराठी मजकुराचा मोठा साठा आता या पत्त्यांवर राहतो आहे. तो जपण्याची जबाबदारी आपण घेतली, तर नियम बदला हे सांगण्याचा अधिकारही आपल्याला येईल.