डोंगरमाथ्यावर राहिलेली विमानं

इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि शेफील्ड या शहरांच्या मधोमध ब्लीकलो नावाचं उजाड पठार आहे. उंची जेमतेम 633 मीटर. तरीही दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या काळात इथं आणि आसपास कितीतरी लष्करी विमानं आदळली. शत्रूनं पाडलेली नव्हेत, बहुतेक सरावाला निघालेली. त्या काळी वेग, दिशा आणि वेळ यांच्या हिशेबावर आपण कुठं आहोत ते ठरवायचं. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला की खाली सपाटी आहे असं समजून वैमानिक ढगांतून उतरायचा, आणि समोर डोंगर!

18 मे 1945. युरोपातलं युद्ध संपून दहाच दिवस झाले होते. कॅनडाच्या हवाई दलाचं लँकॅस्टर बॉम्बर इथं कोसळलं, सहाही जण गेले. लढाई संपल्यावर गेलेली ही पोरं! मला हाच अपघात सगळ्यांत जास्त सलतो.

पुढं 3 नोव्हेंबर 1948 रोजी अमेरिकेचं बी-29 विमान कोसळलं. त्यात 13 जण दगावले. त्याची अवजड इंजिनं अजून काळ्या, भुसभुशीत मातीत रुतलेली आहेत. सिलिंडरांचं वर्तुळ आणि पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या ओळी स्पष्ट दिसतात.

माणसं जिथं गेली तिथला तुकडा आठवण म्हणून घरी नेणं मला तरी पटत नाही. ब्रिटनमध्ये 1986च्या कायद्यानं लष्करी विमानांच्या अशा अवशेषांना संरक्षण दिलं आहे. तिथं उकरायचं किंवा काही हलवायचं, तर संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो.