कामाची वाटणी, धंद्याची वाढ

धंदा वाढला तरी गल्ल्यापासून गोदामापर्यंत सगळं स्वतःच पाहणारे मालक पुष्कळ. त्यांनी लिज्जत पापडाच्या कामाची पद्धत समजून घ्यावी.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. पुढे त्यात हजारो भगिनी आल्या. एवढ्या हातांनी लाटलेला पापड एकसारखा कसा? पीठ केंद्रात मळलं जातं, त्यामुळे मीठ-मसाल्याचं प्रमाण बिघडत नाही. भगिनी ते पीठ घरी नेतात, पापड लाटून वाळवतात आणि केंद्रात आणून देतात. तिथे वजन होतं, तपासणी होते, मजुरी मिळते. लाटताना मागे कुणी उभं राहत नाही.

तुम्हीही असंच दर्जा ठरवणारं काम आपल्या हाती ठेवा, बाकीचं सोपवा. काय हवं, कधी हवं आणि किती खर्चापर्यंतचा निर्णय सहकाऱ्याने स्वतः घ्यायचा, हे आधीच सांगा. तपासणीची वेळ ठरवा. मध्येच हात घालू नका. या आठवड्यात असं एक तरी काम सहकाऱ्यावर सोपवून पाहा.