यादी बाजूला ठेवा, पट्टे आखा



एकट्याने करायच्या जगप्रवासावरच्या आजच्या व्याख्यानाची घोषणा झाल्यापासून दोघातिघांनी मला गाठून त्यांच्या याद्या दाखवल्या. आयफेल टॉवर, गिझाचे पिरॅमिड, माचू पिचू, क्योटो, केपटाउन, मध्येच कुठेतरी आइसलंड. एकट्याने वर्षभर जगाला वळसा घालायचा आणि हे सगळं बघायचं. याद्या चांगल्या होत्या. पण ती ठिकाणं नकाशावर टाचण्यांनी टोचून दोऱ्याने जोडलीत, तर जे जाळं तयार होईल त्यात बहुतांश विमानतळच असतील.

आपण मराठी माणसं सहलीला गेलो की सोबत एक टूर मॅनेजर असतो, आणि आता तर व्हेनिसमध्येही वरण-भात मिळतो. मी त्याची टिंगल करत नाही. सत्तरीतल्या आजींना त्या वरण-भाताच्या भरवशावर आल्प्स पाहता आला, ही मोठीच गोष्ट. पण अशा सहलीत बारा दिवसांत सात देश झेपतात, कारण प्रत्येक नवा देश समजून घेण्याचं काम दुसरं कोणीतरी करत असतं. तिकीट कुठे काढायचं, रिक्षावाल्याला किती द्यायचे, पाणी नळाचं प्यायचं की नाही, या कशाशी आपला संबंध येत नाही. एकट्या माणसाला मात्र प्रत्येक सीमेपलीकडे हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: जिथे एका देशात शिकलेलं पुढच्या देशात उपयोगी पडतं, असे दोन-तीन सलग पट्टे निवडा. देशांची संख्या आपोआप ठरेल.

पण पट्ट्यांकडे जाण्याआधी एका खलाशाकडे जाऊ. ऑगस्ट 2009 मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या बोटीतून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. वाटेत त्यांनी फक्त चार बंदरं घेतली: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन. ही ठिकाणं आवडीनिवडीने ठरलेली नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, सुमारे 56 अंश दक्षिण अक्षांशावर केप हॉर्न आहे. तिथून शिडाच्या बोटीने जायचं तर दक्षिणेकडचा उन्हाळा गाठावा लागतो. हा टप्पा हलवता येत नाही. मग तिथून उलटं मोजत यायचं: हॉर्नला अमुक महिन्यात, म्हणजे लिटलटन तमुक महिन्यात, म्हणजे मुंबई पावसाळ्यातच सोडायला हवी.

जमिनीवरच्या प्रवाशालाही असा एखादा न हलणारा टप्पा असतो. तो आधी शोधा. पॅटागोनियात डोंगर चढायचे असतील तर नोव्हेंबर ते मार्च. किर्गिझस्तानातली उंचावरची कुरणं आणि तिथल्या मेंढपाळांचे तंबू पाहायचे तर जून ते सप्टेंबर, एरवी तिथे बर्फाशिवाय भेटायला कोणी नसतं. पेरूतली इंका ट्रेल ही चालवाट दर फेब्रुवारीत बंदच असते. जपानचा चेरी फुलोरा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, आणि त्यानंतर महिन्याभराने तिथल्या सलग सुट्ट्यांत हॉटेलात जागा मिळता मिळत नाही. तुमचा जीव ज्यात अडकलाय अशी एक जागा घ्या, तिचा महिना पक्का करा. बाकीचं वर्ष तिच्या दोन्ही बाजूंनी मांडायचं.

आता पट्टे. मी मांडून दाखवते, तुम्ही हवं तसं मोडा. जूनमध्ये निघायचं. पहिला पट्टा मध्य आशियाचा. कझाकस्तान भारतीय पासपोर्टला सध्या चौदा दिवसांसाठी व्हिसाशिवाय येऊ देतो. अल्माटीला उतरलात की तिथून बसने किर्गिझस्तान, मग ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग. त्यावरची सर्वांत उंच खिंड, अक-बैताल, 4,655 मीटरवर आहे. तिथून उझबेकिस्तान. समरकंद आणि बुखारा मात्र सप्टेंबरवर टाका, जुलैचं तिथलं ऊन नागपूरकरांनाच सोसेल. नंतर विमानाने कास्पियन समुद्र ओलांडून जॉर्जिया, तिथे तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते. या साऱ्या पट्ट्यात सोव्हिएत काळामुळे रशियन चालते. जॉर्जियात तरुण पिढी हल्ली इंग्रजीकडे वळली आहे, पण घर भाड्याने देणाऱ्या आजीबाई रशियनच बोलतात. अक्षरं निघण्याआधी शिकून घ्या. आकडे, ‘किती’, ‘कुठे’, ‘उद्या’, ‘मांस नको’ एवढं अल्माटीत घोटलंत की ते तिबिलीसीपर्यंत पुरतं. शिवाय मार्शरुतका नावाची छोटी बस या सगळ्या देशांत आहे. ती म्हणजे थेट आपलं वडाप: भरली की सुटते, हात केला की थांबते. एकदा तिची रीत कळली की पाच देशांत तुम्हाला कोणी नवखं समजत नाही.

दुसरा पट्टा स्पॅनिशचा. तो मी मुद्दाम स्पेनमध्ये ऑक्टोबरात सुरू करते. एका शहरात महिनाभर राहा, सकाळी भाषेच्या वर्गाला जा, दुपारी ती बाजारात वापरून बघा. युरोप पाहण्याची हौसही फिटते. मग माद्रिदहून अटलांटिक ओलांडा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत, ब्राझीलसारखे मोजके अपवाद सोडले, तर तीच भाषा. एवढा लांब आणि एवढा सलग पट्टा जगात दुसरा नाही. मीना प्रभूंचं ‘दक्षिणरंग’ वाचून ज्यांनी दक्षिण अमेरिकेचा ध्यास घेतला, त्यांना हे सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारी पॅटागोनियात, आणि अँडीजमधला पाऊस ओसरला की एप्रिल-मेमध्ये बोलिव्हिया आणि पेरू. ला पाझ सुमारे 3,600 मीटरवर आहे, कुस्को 3,400 वर. तिथे विमानाने थेट उतरू नका, खालून हळूहळू चढा. ज्यांचे गुडघे आणि रक्तदाब माझ्या वयाचे आहेत, त्यांनी हे वाक्य अधोरेखित करावं.

तिसरा पट्टा सर्वांत सोपा. लिमाहून सांतियागो, तिथून विमानाने पॅसिफिक ओलांडून सिडनी, मग इंडोनेशिया आणि मलेशिया. दोन्हीकडच्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की एकीत शिकलेलं दुसरीत चालतं, आणि लिपी रोमन. जावा, बाली, लोंबोक इथे मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम असतो, म्हणजे पेरूहून निघणाऱ्याला ऐन वेळेवर. जुलैत क्वालालंपूरहून मुंबई.

यात आफ्रिका नाही, जपान नाही, पिरॅमिडही नाहीत. माझी त्याला हरकत नाही. कोणाला पूर्व आफ्रिकेचं वेड असेल तर त्याने स्पॅनिश पट्टा काढून टाकावा आणि केनिया-टांझानियाचा स्वाहिली पट्टा घ्यावा. पण दोन्ही कोंबू नयेत. आणि सफारीबद्दल एक आर्थिक सत्य: मसाई मारातली जीप एका माणसासाठी निघाली तरी डिझेल आणि चालक तेवढाच लागतो. काही ठिकाणं एकट्याला महागच पडतात. अर्जेंटिनाच्या टोकावरच्या उशुआयाहून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या बोटींत स्वतंत्र खोलीसाठी जवळजवळ दोघांचं भाडं मोजावं लागतं. तिबेटमध्ये परदेशी प्रवाशाला परवाना आणि वाटाड्या घेतल्याशिवाय फिरताच येत नाही. इंका ट्रेलही परवानाधारक संस्थेबरोबरच चालावी लागते. अशा जागा सरळ सहलीसाठी राखून ठेवा, पुढेमागे भावंडांबरोबर जा. उलट बोलिव्हियातलं मिठाचं मैदान बघायलाही जीप लागते, पण उयुनी गावात रोज सकाळी चार अनोळखी प्रवासी जीप वाटून घ्यायला तयार असतात.

इथे कोणी म्हणेल, भाषेचं इतकं काय घेऊन बसलात? आणि त्याच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे. इडा फायफर, व्हिएन्नाची बाई, जन्म 1797. मुलं हाताशी आल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी ती एकटी घराबाहेर पडली, आणि 1846 मध्ये पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. ब्राझील, केप हॉर्न, ताहिती, कँटन, सिंगापूर, कोलकाता, दिल्ली. तिथून खाली येत 1848 साली तिने अजिंठा, वेरूळ, दौलताबाद पाहिलं आणि मुंबई गाठली. तेव्हा आगगाडी नव्हती, मुंबई-ठाणे सुद्धा नाही. मुंबईहून बोटीने बसरा, मग बगदाद, मोसुल, तबरीझ. काफिल्याबरोबर, वाटेतल्या भाषा न येता, बऱ्याचदा हातवाऱ्यांवर. तबरीझला ती पोहोचली तेव्हा तिथल्या युरोपीय लोकांचा विश्वास बसेना. पुस्तकं लिहून आणि किडे-वनस्पतींचे नमुने विकून तिने पुढच्या प्रवासाचे पैसे उभे केले. बर्लिन आणि पॅरिसच्या भूगोल संस्थांनी तिला सन्माननीय सदस्य केलं. लंडनच्या संस्थेत बायकांना तेव्हा प्रवेशच नव्हता.

तर भाषेशिवाय जमतं, मान्य. पण फायफरबाई बगदाद ते तबरीझ काफिल्याच्या गतीने, एका सलग वाटेने गेली. आज मुंबई, उद्या कैरो, परवा रिओ असं तिचं नव्हतं. वार्ताहर नेली ब्लायने तसं केलं होतं. 1889-90 मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रासाठी 72 दिवसांत तिने जग पालथं घातलं. वेग तिच्या हातात होता असं मात्र नाही, पुढची बोट सुटेना म्हणून पाच दिवस कोलंबोला अडकून पडली. धाडस तिचं थोर, पण तिचा मार्ग आगबोटींच्या वेळापत्रकाने ठरवला होता.

आता आपल्या हातात नसलेली गोष्ट, पासपोर्ट. जर्मन माणूस यादी करतो आणि निघतो. आपल्याला यादी व्हिसाच्या क्रमाने लावावी लागते. युरोपातल्या शेंगेन गटात आता 29 देश आहेत आणि त्या सर्वांत मिळून कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत, आणि तो आपण राहतो त्या देशातूनच करावा लागतो. ताश्कंदला बसून तुमचा अर्ज घ्यायला ते बांधील नाहीत. म्हणून ऑक्टोबरच्या स्पेनसाठी मे महिन्यात मुंबईतूनच अर्ज करायचा. अमेरिकेचा व्हिसा आधीच असेल तर फार बरं, अमेरिकेत पाऊल टाकायचं नसलं तरीही. त्या चिकटलेल्या कागदावर मेक्सिको या घडीला आपल्याला वेगळा व्हिसा मागत नाही. जॉर्जिया अमेरिकेचा किंवा शेंगेनचा, कोणताही चालवून घेतो. हे नियम पापडासारखे मोडतात, निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा; कोणाच्या भाच्याने गेल्या वर्षी काय केलं यावर जाऊ नका.

पिवळ्या तापाची लसही याच खात्यात. पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया या देशांतून भारतात परतणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. साठी ओलांडलेल्यांनी ही लस डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय घेऊ नये. डॉक्टर नको म्हणाले तर पट्टाच बदलावा लागेल, तेव्हा हे विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा.

शाकाहाऱ्यांनी मध्य आशियाला घाबरू नये, पण तिथे नान, टोमॅटो आणि टरबूज यांवर बरेच दिवस काढायची तयारी ठेवावी. जॉर्जियात मात्र राजम्यासारखा लोबियो आणि अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी मिळतात, त्यामुळे मध्य आशियानंतर जॉर्जिया, हा क्रम केवळ हंगामाचा नाही.

एकट्या बाईने कुठे जाऊ नये, हे मला हमखास विचारतात. देशांची काळी यादी मी देत नाही. एकाच देशात एक शहर मोकळं आणि दुसरं अवघड असतं. मी ठिकाण निवडताना तीन गोष्टी पाहते: संध्याकाळनंतर रस्त्यावर तिथल्या बायका दिसतात का, घरगुती मुक्कामाची सोय आहे का, आणि बस उजेडात पोहोचते का. तिसरी सर्वांत महत्त्वाची. रात्री दोनला पोहोचवणारं स्वस्त तिकीट मी घेत नाही.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, मी तो शेवटी घेते. पहिला देश जवळचा आणि सोपा असावा, कारण पहिले आठ-दहा दिवस आपण देश बघत नसतो, स्वतःचं सामान सांभाळायला शिकत असतो. अल्माटी त्याला योग्य आहे: दिल्लीहून थेट विमान, रस्ते रुंद, मेट्रो सोपी. तिथे पहिले तीन दिवसच आधी आरक्षित करा, आणि पाठीवरच्या सॅकमधलं जे तीन दिवसांत लागलं नाही, ते चौथ्या दिवशी टपालाने घरी पाठवा.