पहिली गाडी, जुनी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मला गाडी चालवता येत नाही. सायकल येते, तीही आता गुडघे परवानगी देतील तेवढीच. तेव्हा आज मी जुना टेम्पो कसा निवडावा यावर बोलणार आहे हे कळल्यावर माझे मित्र हसले. 'तू आपला कवितेवर बोल,' म्हणाले. पण खरं सांगायचं तर मागच्या उन्हाळ्यातले दोन महिने मी कवितेचं काहीच केलं नाही. भाच्याबरोबर जुन्या गाड्या पाहत हिंडलो. त्यात जे शिकलो ते चार लोकांच्या उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून बोलतो आहे.

मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. गावाचं नाव काढलं की लोकांना 1060 सालचं शिवमंदिर आठवतं. आमच्या पोटापाण्याचा संबंध मात्र आनंदनगरशी, म्हणजे तिथल्या एमआयडीसीशी. भाचा तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपलं, नवं आलं नाही. चोवीस वर्षांचा मुलगा महिनाभर घरात बसला आणि एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, 'मामू, पिकअप घेतो. जुनीच. नाक्यावर उभी करतो. तुम्ही फक्त अम्मीला समजवा.'

बहिणीला समजवणं सोपं नव्हतं. त्याचं कारण 1986 सालात आहे. आमचे अब्बा आयुष्यभर दुसऱ्याची मॅटाडोर चालवत होते. त्या वर्षी त्यांनी हिंमत करून स्वतःची जुनी मॅटाडोर घेतली. विकणारा ओळखीचा. शंभर ठिकाणी एकत्र चहा प्यायलेला. व्यवहार स्टँप पेपरवर झाला, पैसे रोख दिले, आणि 'आर.सी. बुकावर नाव सावकाश चढवू' असं ठरलं. आठ महिन्यांनी भर रस्त्यात चार माणसांनी गाडी अडवली. जुन्या मालकाने गाडीवर कर्ज काढलं होतं आणि हप्ते थकवले होते. कागदावर गाडी त्याचीच होती. अब्बांनी रस्त्यातच गाडीतला माल उतरवून घेतला आणि चालत घरी आले. पुढच्या महिन्यात बहिणीची शाळा सुटली. सातवीत होती. मी मोठा म्हणून आणि मुलगा म्हणून माझं शिक्षण चालू राहिलं, मी बी.ए. झालो. हे मी विसरू शकत नाही, आणि ती बोलून दाखवत नाही.

त्यामुळे भाच्याने पिकअपचं नाव काढल्यावर ती एवढंच म्हणाली, 'भाईजान, इंजिन त्याला बघू दे. कागद तुम्ही बघा.' हातातल्या दोन बांगड्या तिने काढून समोर ठेवल्या होत्या. मी त्या परत तिच्या हातात घातल्या. म्हटलं, आधी किती लागतात ते तरी पाहू.

पहिला प्रश्न होता, कोणती गाडी? भाच्याच्या मनात बोलेरो पिकअप भरली होती. उंच, रुबाबदार, दीड टन माल ओढणारी. आम्ही एका ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. हाताचं ग्रीस पुसत त्यांनी गाडीबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, 'माल कुठला? रस्ता कुठला? दिवसाला फेऱ्या किती?' भाच्याकडे यातलं एकही उत्तर नव्हतं. मेस्त्री म्हणाले, 'मग आठ दिवस नाक्यावर बस. कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर म्हणून जा. मग ये.'

हा सल्ला मी सगळ्या तरुणांना देईन. भाचा आठ दिवस फिरला आणि कळलं ते असं. कारखान्यांतला जड माल आणि रसायनांची पिंपं मोठ्या गाड्यांतून, ठरलेल्या वाहतूकदारांकडून जातात. घातक रसायनं वाहणाऱ्या चालकाला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, परवान्यावर तशी नोंद लागते. ते काम नवख्याचं नाही. नवख्याला मिळतं ते हलकं काम. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातलं कपाट, पॅकिंगची खोकी, कल्याणच्या बाजारातली भाजी, आणि बदलापूरच्या नव्या इमारतींत राहायला येणाऱ्यांचं घरसामान. या मालाला जागा लागते, वजन फारसं नसतं. आणि गल्ली अरुंद असते.

म्हणजे उत्तर आपोआप आलं. छोटा हत्ती.

इथे मला थोडं शब्दांकडे वळू द्या, तेवढाच माझा प्रांत. 'टेम्पो' हा आपल्याला मराठी वाटावा इतका रुळलेला शब्द. मुळात ते जर्मनीतल्या हँबुर्गच्या एका कंपनीचं नाव. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली आणि नाव लोकांच्या तोंडी बसलं. 2005 मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आपण मात्र अजून टेम्पोच म्हणतो. त्याच 2005 मध्ये टाटांनी एस नावाची चारचाकी आणली. दोन सिलिंडरचं इंजिन, सोळा अश्वशक्ती, पाऊण टनाचा माल. तीनचाकीवाल्याला परवडेल अशी चारचाकी, हा त्यामागचा विचार होता. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटलं. गाडीचं कागदावरचं नाव काहीही असो, आमच्या नाक्यावर तेच चालतं. पुढे अशोक लेलँडची दोस्त आली, मारुतीची सुपर कॅरी आली. जुन्या बाजारात या सगळ्या मिळतात.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. तिन्हींची हकीकत सांगतो, कारण प्रत्येकीने काहीतरी शिकवलं.

पहिली गाडी दिसायला नवरीसारखी. नवा रंग, नवी सीटकव्हरं, आरशाला गोंडे. भाचा तिच्याभोवती फिरत होता. मेस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला, गरम होतं. 'आम्ही यायच्या आधी चालू केली होती?' विक्रेता हसला. जुनी गाडी नेहमी थंड इंजिनावर चालू करून बघावी, म्हणजे खरा त्रास दिसतो. मग मेस्त्रींनी सीट उचलली. सीटखालच्या पट्टीवर गंज, वायरींच्या जोडांत वाळलेली बारीक माती, पायपुसण्याखाली ओलसर वास. ते म्हणाले, 'ही पुरात बसलेली गाडी आहे.' आमच्या भागातल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. 26 जुलै 2005 आम्ही पाहिलेला आहे. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारांवर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. रेल्वे अडकते तिथे घराखाली उभ्या गाड्यांचं काय होत असेल? पाणी उतरतं, गाड्या धुतात, रंगवतात, आणि त्या बाजारात येतात. इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंगचा रोग वर्षानुवर्षं डोकं वर काढत राहतो.

दुसरी गाडी यंत्र म्हणून उत्तम होती. सकाळी सातला गेलो, थंड इंजिन एका चावीत सुरू झालं. मेस्त्रींनी धूर पाहिला. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असावं, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इथे तिन्ही नव्हतं. चालू इंजिनावर त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं. तिथून धुराचे झोत आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायचं. तसंही काही नव्हतं. मग ते गाडीखाली आडवे झाले. चासीवर कुठे वेल्डिंगचे टाके आहेत का, मागचे पाटे एका बाजूला बसलेत का, हे पाहिलं. जास्त माल लादलेल्या गाडीचं दुखणं इथेच कळतं. हौद्याचा पत्रा बदलता येतो, चासी बदलता येत नाही. मेस्त्री उठून म्हणाले, 'घ्या.'

आता माझी पाळी. मी आर.सी. मागितली. चासीवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर अन् अक्षर जुळवला. जुळला. खाली बोजाच्या रकान्यात एका वित्तसंस्थेचं नाव होतं. बोजा हा शब्द मराठीत दोन्हींना चालतो, हौद्यातल्या ओझ्याला आणि कर्जालाही. पहिला संध्याकाळी उतरतो. विकणारा म्हणाला, 'दोनच हप्ते राहिलेत काका, भरून टाकतो. तोवर स्टँप पेपरवर लिहून देतो. गाडी आजच घेऊन जा.'

श्रोतेहो, चाळीस वर्षांनी तेच वाक्य. भाचा माझ्याकडे बघत होता. किंमत पन्नास हजारांनी कमी होती, गाडी निर्दोष होती, आणि विकणारा मुलगा वाईट नव्हता. कदाचित खरंच भरले असते त्याने. मी म्हणालो, 'बेटा, आधी कर्ज फेड, वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र आण, पस्तीस नंबरच्या फॉर्मवर बोजा उतरव. मग आम्ही पूर्ण किमतीला घेऊ.' त्याला पैशांची घाई होती. त्याने दुसऱ्याला दिली. परत येताना भाचा माझ्याशी बोलला नाही. रात्री मी त्याला पहिल्यांदाच आजोबांची गोष्ट पूर्ण सांगितली. त्याच्या आईने त्याला ती कधी सांगितलीच नव्हती.

कागदांचं थोडक्यात सांगतो. विक्रीसाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म असतात. आमचं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर कल्याणच्या आर.टी.ओ.त येतं, म्हणजे एमएच 05. गाडी दुसऱ्या कार्यालयाची असेल तर 28 नंबरचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. हे घेणाऱ्याइतकंच विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. नोंद बदलली नाही आणि गाडीने कुणाला उडवलं, तर कागदावरचा मालक भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. विमा चालू आहे का ते पाहावं, आणि त्यावरही नाव बदलून घ्यावं. मालवाहू गाडीला फिटनेस लागतो, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. गाडी सीएनजीची असेल तर टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. जुने दंड थकलेले आहेत का, हे आता मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून कळतं. आणि एक दिलासा: एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही, तसंच हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं आहे. एजंट याच गोष्टींसाठी पैसे मागतात.

तिसरी गाडी बदलापुरात मिळाली. दिसायला गरीब. एका बाजूला पोचा, मागचा फाळका वाकलेला, टायर गुळगुळीत. मालक भाजीचे व्यापारी, साठी ओलांडलेले, कंबर धरल्यामुळे धंदा बंद करणारे. पहिलेच मालक. एका पिशवीत त्यांनी दहा वर्षांच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. बोजा कधीच उतरलेला, त्याचं पत्रही पिशवीत. मेस्त्रींनी खोट काढली: क्लच बदलावा लागेल, चार टायर लागतील, बॅटरी म्हातारी आहे. त्यांनी एकही गोष्ट नाकारली नाही. उलट म्हणाले, 'तिसरा गियर सकाळी जरा अडतो, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.'

अशा माणसाशी घासाघीस कशी करायची? टायर आणि क्लचचा खर्च मेस्त्रींनी कागदावर मांडला, तेवढाच कमी करा म्हटलं. त्यांनी केला.

पैशांचं एक पथ्य आम्ही पाळलं, तेही सांगतो. जवळ असलेले सगळे पैसे गाडीत घातले नाहीत. पाचातला एक भाग बाजूला ठेवला. टायर, क्लच, विमा, नाव बदलण्याची फी, आणि दोन महिने धंदा बसला नाही तर घरखर्च यासाठी. जुनी गाडी घेताना किंमत दिली की खर्च संपला असं समजणारा माणूस तिसऱ्या महिन्यात गाडी विकायला काढतो. कर्ज घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्याला हप्ता झेपतो त्याने जरूर घ्यावं. पण पहिल्या वर्षी भाडं मिळेलच याची खात्री नसते, आणि हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. भाच्याची शिल्लक, माझ्या भविष्य निर्वाह निधीतले थोडे, आणि धाकट्या मेव्हण्याची मदत, एवढ्यात भागलं. बांगड्या हातातच राहिल्या.

भाच्याने मागे लिहायला मला दोन ओळी मागितल्या. कवी मामू असून एवढं नाही करणार? मी चार दिवस विचार केला आणि काही सुचलं नाही. शेवटी त्याने रंगाऱ्याकडून आपला मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. तेच बरोबर होतं. भाडं त्या नंबरावर येतं.

सव्वा महिन्याने पोस्टाने आर.सी.चं कार्ड आलं. इंग्रजी अक्षरं, बारीक छपाई. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, 'भाईजान, वाचा.' मी वाचलं. मालक म्हणून तिच्या मुलाचं नाव, त्याच्यापुढे वडिलांचं. 'पुढे?' गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर वाचले. 'आणि ते बोजाचं?' म्हटलं, तो रकाना रिकामा आहे. तिने कार्ड हातात घेऊन ती रिकामी जागा नीट पाहिली आणि मग ते कपाटात, अब्बांच्या जुन्या लायसन्सशेजारी ठेवलं.

भाचा तेव्हा घरी नव्हता. बदलापूरला कुणाचं तरी घरसामान घेऊन गेला होता.