ट्रेलर किती हलका असावा?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

वॉटकिन्स ग्लेनच्या रेसट्रॅकवर मी माझी जुनी मियाटा पळवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे गाडी बिघडली तर घरी कशी आणणार? म्हणून ट्रेलर हवा.

आमची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते. मियाटा सुमारे २,३००, लोखंडी ट्रेलर २,०००, टायर-हत्यारं ४००. म्हणजे हिशोब अगदी काठावर! म्हणून १,२०० पौंडांचा अ‍ॅल्युमिनियमचा घेतला. महाग पडला, पण ८०० पौंड वाचले. वाटलं, जिंकलो!

पहिल्याच खेपेला उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. शेजारी लेक बसलेली. एसयूव्हीचा ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावले, तेव्हा सावरलो. चूक माझीच. मियाटा फार मागे चढवली होती. ट्रेलर आणि सामान मिळून जे वजन होतं, त्याच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर यायला हवा. आता मी तो मोजूनच निघतो.

तेव्हा ट्रेलर हलका जरूर घ्या. पण ब्रेक असलेला, आणि गाडी पुढे-मागे सरकवता येईल इतका लांब घ्या. लेक अजून माझ्याबरोबर येते, हेच माझं बक्षीस!